ठिपक्यातला अर्धा इलेक्ट्रॉन

९ जानेवारी

शर्यत लावली आहे आमची. लिंबू-चमचा तेवढा द्यायचा राहिला.

विभागात सिद्धांतवाल्यांसाठी कायमची जागा एकच आणि दावेदार दोन — मी आणि सरासरी. निवड करायची म्हटलं की साहेब, म्हणजे आमचे विभागप्रमुख, चष्मा पुसायला लागतात. तेव्हा त्यांनी आज सगळ्यांसमोर जाहीर केलं, "दोघांनी आपापल्या पद्धतीने गणित करा. डॉटमधून किती करंट जाईल त्याचा आलेख मोजणीच्या आधी बाईंकडे द्या. ज्याचा जुळेल त्याची जागा. निसर्गच ठरवेल."

निसर्गच ठरवेल म्हणे. स्वतःची हिंमत होत नाही म्हणून निसर्गाला कामाला लावलंय.

बाई म्हणजे बर्फाळबाई. तळघरात प्रयोग करते. तिचं ते पिंपासारखं दिसणारं यंत्र — सगळे त्याला फ्रिज म्हणतात — कुठल्याही हिवाळ्यापेक्षा थंड. बाईचं बोलणं त्याहून थंड. "आलेख महिनाअखेर. उशीर चालणार नाही," एवढंच म्हणाली.

सरासरी म्हणाला, "मजा येईल, मॅडम." त्याला कशातही मजा येते.

१० जानेवारी

त्याला सरासरी का म्हणते ते इथे तरी लिहून ठेवावं, नाही तर पुढे कधी वाचताना मलाच वाटायचं की मी उगाच दुष्ट आहे.

क्वांटम डॉट म्हणजे एक ठिपका. इतका लहान की त्यात एका इलेक्ट्रॉनचीच काय ती सोय. दुसरा आला की पहिला त्याला ढकलतो. दोन्ही बाजूंना तारा, म्हणजे दोन दारं. एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर — झाला करंट. प्रकरण एवढंसं, पण ती ढकलाढकली गणितात धरायला गेलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. कारण इथे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघून वागतो. एक खोली, दोन भाडेकरू, आणि दोघांचं पटत नाही.

यावर सरासरीचा उपाय काय? दुसऱ्याकडे बघायचंच नाही. तो साधारण किती वेळ आत असतो ते काढायचं, आणि तेवढा तुकडा कायम आतच बसलाय असं धरून चालायचं. "समजा, आत अर्धा इलेक्ट्रॉन आहे." मी भर सभेत विचारलं होतं, "अर्धा म्हणजे कमरेच्या वरचा की खालचा?" लोक हसले. तोही हसला. लाज नावाची गोष्टच नाही.

माझ्या पद्धतीत आत कोणी तरी असतं किंवा नसतं. कोण कुठल्या दाराने आला, कधी गेला, जाताना कुणाला वाट करून दिली, अर्ध्या वाटेतून परत फिरला का — अशा प्रत्येक येण्याजाण्याचं एक चित्र, आणि सगळ्या चित्रांची बेरीज. कॉम्प्युटर आठवडेच्या आठवडे चालतो. सरासरीचं उत्तर चहा निवायच्या आत येतं. म्हणून तो लाडका. साहेबांना चहाबरोबर काही तरी लागतंच.

१६ जानेवारी

आज जेवताना ताईला हेच सगळं ऐकवत होते. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, दातांची डॉक्टर. खाली तिचा दवाखाना, वर आम्ही दोघी. तिने मध्येच थांबवलं.

"तू माणसांशी बोलतेस तशी मी पेशंटशी बोलले असते ना, तर लोकांनी दातदुखी परवडली म्हटलं असतं."

"तुझे पेशंट तोंड उघडं ठेवून गप्प बसतात. माझ्याकडचे बोलतात."

एरवी हसली असती. आज नाही हसली. वाढताना डाव दोन्ही हातांनी धरला होता. जड असेल.

२९ जानेवारी

आलेख दिला. शून्य व्होल्टेजला एक शिखर, दोन्हीकडे उतार. एकटं, सरळ, देखणं. खूप थंड केलं की ठिपक्यातला एकटा पडलेला इलेक्ट्रॉन तारांमधल्या इलेक्ट्रॉनांशी जुळवून घेतो आणि वाट मोकळी होते, त्याचं हे शिखर. ढकलाढकली नीट धरल्याशिवाय ते दिसत नाही. सरासरीला या जन्मी दिसायचं नाही.

कॅन्टीनमध्ये तो आपणहून येऊन बसला. "माझ्याकडे एका व्होल्टेजला दोन-दोन उत्तरं येतायत, मॅडम. व्होल्टेज वाढवत नेलं तर एक, कमी करत आणलं तर दुसरं. मी दोन्ही देऊन टाकली."

मी घास खाली ठेवून हसले. एका प्रश्नाला दोन उत्तरं आली तर ते उत्तर नसतं, गणिताला ताप चढलेला असतो. अर्धा इलेक्ट्रॉन आत कोंबल्यावर दुसरं काय होणार? हे मी त्याला जवळजवळ याच शब्दांत सांगितलं. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

"असेलही," तो म्हणाला. आणि माझ्या ताटातलं लोणचं संपलंय हे बघून स्वतःची वाटी पुढे सरकवली. याच्याशी भांडायचं तरी कसं?

६ फेब्रुवारी

फ्रिज गळतोय. मोजणी पुढे.

१३ फेब्रुवारी

अजून गळतोय. बाईला विचारलं तर म्हणाली, "गळतं आहे." माहितीबद्दल आभार.

२१ फेब्रुवारी

गळती सापडली. एक रबरी कडं. एवढ्या थोर विज्ञानाची मान एका रबरी कड्यात अडकलेली.

साहेब जिन्यात भेटले. "काय, तयारी झाली ना?" म्हणजे मी काय स्वयंपाक करून बसले आहे?

४ मार्च

दोन रेषा आल्या.

व्होल्टेज वाढवताना एक, कमी करताना दुसरी. मधे डोळ्याच्या आकाराची फट. अगदी सरासरीने दिली होती तशी. शिखराचा पत्ता नाही. फट जिथे आहे तिथेच ते असायला हवं होतं.

तळघरात सगळे जमले होते. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनी. बर्फाळबाई चक्क हसली. तिला बढती मिळेल आता. सरासरी पडद्याकडे बघत उभा होता, तोंड उघडं, जत्रेत हरवलेल्या पोरासारखा. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, खरंच आलं की."

मी म्हटलं, "अभिनंदन." आणि वर आले. खोलीचं दार आतून लावलं.

५ मार्च

हे खोटं आहे. सरासरी खोटं बोलत नाही, बाईही बोलत नाही. त्यांचा नमुना खोटं बोलतोय. म्हणजे ठिपका ज्यावर घडवलाय तो तुकडा. (नमुने तसे आमच्याकडे बरेच आहेत.)

ठिपक्याच्या खाली एक थर असतो. त्यात कुठे तरी एखादी खाच असेल आणि तिच्यात विद्युतभार अडकून बसत असेल. व्होल्टेज वाढवलं की ती खाच हळूहळू भरते, कमी केलं की हळूहळू रिकामी होते. घाईने वर-खाली केलं की ती मागे राहते, आणि जाता-येताचे आकडे वेगळे दिसतात. हे ठिपक्याचं वागणंच नाही, त्याच्या जमिनीचं आहे. ओळखायचं कसं? तीच मोजणी अगदी सावकाश करायची. फट मिटली तर खाच. नाही मिटली तर सरासरी बरोबर.

साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "हे बघा, तुम्ही फार हुशार आहात. पण निकाल लागल्यावर आता…"

"निकाल लागला नाहीये. घाई लागली आहे."

"आता पुरे," म्हणाले. माझ्याशी याआधी कधी असं बोलले नव्हते.

बाईकडे गेले. "फ्रिज रिकामा नाही. पुढच्या मोजण्या रांगेत आहेत." दार बंद.

१२ मार्च

जागा सरासरीला दिल्याचं जाहीर झालं. मला निघायला जूनअखेरपर्यंत मुदत. तो पेढ्याच्या ऐवजी बिस्किटांचे पुडे घेऊन खोल्याखोल्यांतून फिरला. माझ्या दारापाशी आला, थांबला, निघून गेला. एवढी तरी अक्कल आहे म्हणायची.

१९ मार्च

लांबच्या एका गावातून होकार आला आहे. दुसरं विद्यापीठ, दोन वर्षांचं काम. तिथे कोणाला माझी पद्धत कळत नाही, त्यामुळे छळही होणार नाही.

ताईला सांगितलं. ती लगेच म्हणाली, "जा." फारच लगेच.

मी दवाखान्यात काही तरी विसरल्याचं निमित्त करून खाली गेले. खुर्चीवर एक बाई होत्या आणि इंजेक्शन ताईची असिस्टंट डॉक्टर देत होती. ताई बाजूला उभी, हात ॲप्रनच्या खिशात. पेशंट गेल्यावर मी विचारलं.

तिने खिशातून उजवा हात काढून माझ्यापुढे धरला. बोटं थरथरत होती, थंडीने कुडकुडावीत तशी.

"दिवाणखान्यात बसून भाषण ठोकणाऱ्याला चालतं हे," ती म्हणाली. "लोकांच्या तोंडात सुई धरणाऱ्याला नाही चालत."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"वाढेल म्हणाले. सावकाश."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझी शर्यत चालू होती ना."

  वर आले आणि विद्यापीठाला होकार कळवायचं ठेवून दिलं.

२६ मार्च

आता मला ती सावकाश मोजणी हवीच आहे. आधी सत्यासाठी हवी होती. आता त्याहून हलक्या कारणासाठी हवी आहे. मला इथेच राहायचंय.

पुन्हा बर्फाळबाई. या वेळी तिने निदान खुर्ची दिली. "माझ्या दोन वर्षांच्या कामावर तुम्ही पाणी ओतायला आलात, हे कळतंय ना तुम्हाला?"

"पाणी आधीच शिरलंय. मी फक्त कुठून ते दाखवतेय."

"फ्रिजचा वेळ आता त्यांच्या नावावर आहे. त्यांना विचारा."

त्यांना म्हणजे सरासरीला. देवा.

२७ मार्च

विचारलं. उभ्याउभ्याच, दारातून. तुमचं उत्तर चुकीचं ठरवण्यासाठी तुमचाच वेळ हवाय, असं सरळ सांगितलं. नाही म्हणाला असता तर मला आनंद झाला असता — त्याला भित्रा म्हणता आलं असतं.

त्याने खडू खाली ठेवला. "किती सावकाश, मॅडम?"

प्रश्न अचूक होता. चुकून असेल.

"एक फेरी पूर्ण व्हायला दिवस जाईल, इतकी."

"मग मीही बसतो. मलाही बघायचंय."

उदारपणा मला एरवीही सोसत नाही. त्याचा तर मुळीच नाही.

२ एप्रिल

तळघरात तीन खुर्च्या. बर्फाळबाई, तो, मी. पडद्यावर ठिपक्यामागून ठिपका उमटतोय, गोगलगाय चालावी तसा. तो मधेच शीळ घालतो. बाईने नजर टाकली की थांबतो. दुपारी त्याने विचारलं, "तुम्ही त्या येण्याजाण्याच्या चित्रांतली काही सोडून देता का?"

"फार गुंतागुंतीची सोडते. त्यांचा वाटा नगण्य असतो."

"कशावरून?"

मी म्हटलं, तुमच्या अर्ध्या इलेक्ट्रॉनपेक्षा तरी बरा पुरावा आहे माझ्याकडे. तो हसला. बाईही हसली, पण मला वाटतं मला.

३ एप्रिल

फट मिटली.

परतीची रेषा जातानाच्या रेषेवर येऊन बसली, वहीवर वही ठेवावी तशी. फट ठिपक्याची नव्हतीच, खाचेची होती. शिखर अजून दिसलं नाही, पण अशा खाचखळग्यात ते बुडणारच. मी बरोबर होते. पहिल्या दिवसापासून बरोबर होते.

किती दिवस या क्षणाची वाट बघितली होती. डोक्यात दोन-तीन वाक्यं तासून ठेवली होती त्याच्यासाठी. बाई ताठ बसून होती, नजर पडद्यावर, आणि डोळे भरलेले. बर्फ वितळताना बघायला मजा येईल असं वाटलं होतं. नाही आली.

 तो म्हणाला, "चला. गेलं." उठला, खुर्ची जागेवर लावली आणि जिना चढून थेट साहेबांच्या खोलीत गेला. माझ्या आधी. मी सांगायच्या आधी त्याने स्वतः सांगितलं.

म्हणजे आता थोर माणूसही तोच ठरणार. तासलेली वाक्यं तशीच राहिली माझ्याकडे.

१५ एप्रिल

साहेबांची तारांबळ बघण्यासारखी आहे. जाहीर केलेलं मागे घ्यायचं, पण आपण चुकलो असं कुठे दिसायला नको. "नव्या माहितीच्या प्रकाशात" हा शब्दप्रयोग आज चार जणांकडून ऐकला. नवी माहिती! मी ती मार्चमध्येच त्यांच्या टेबलावर ठेवली होती. तेव्हा प्रकाश नव्हता बहुतेक.

२८ एप्रिल

जागा मला. सही झाली.

सरासरी आता जूनअखेर जाणार. माझी मुदत त्याला मिळाली. कॉरिडॉरमध्ये मला हात जोडून म्हणाला, "योग्य माणसाला मिळाली, मॅडम." टोमणा शोधला, सापडला नाही.

संध्याकाळी ताईला सांगितलं. ती दवाखान्यातल्या खुर्चीत बसली, पेशंटच्या, आणि रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. अगदी बाबा गेले तेव्हाही नाही. "म्हणजे तू राहणार," ती म्हणाली. मी म्हटलं, राहणार. मग दोघींनी मिळून ठरवलं की दवाखाना असिस्टंटच्या हाती द्यायचा, ताईने सकाळी नुसतं तपासायचं आणि सल्ला द्यायचा. "तोंडच चालवायचंय म्हणजे," ती म्हणाली. "तुझ्यासारखं."

१० मे

बर्फाळबाई नवा नमुना घडवतेय. स्वच्छ थरावर, खाचेशिवाय. परवा मला म्हणाली, "तुम्ही तेव्हा ओरडला नसता तर मी त्या फटीवर शोधनिबंध छापून बसले असते." हे तिच्या तोंडून म्हणजे मिठीच. मी "हं" म्हटलं.

आता शिखर दिसेल. एकटं, सरळ, देखणं. मग या विषयावर बोलायला कोणाला काही उरणार नाही.

२४ मे

सरासरीचा निरोप सुट्टी लागायच्या आधीच उरकला. मी गेले नाही. केक होता म्हणे. साहेबांनी त्याच्या "खिलाडू वृत्तीवर" भाषण केलं म्हणे. ज्याला हाकलायचं त्याचं कौतुक करायची आपल्याकडे फार चांगली पद्धत आहे.

नंतर तो माझ्या खोलीत कागदात गुंडाळलेला तुकडा ठेवून गेला. मी तो खाल्ला. बरा होता.

८ जून

फ्रिज पुन्हा थंड होतोय. बाई रोज खाली. मी वर निबंधाची पहिली पानं लिहिते आहे. पहिल्याच परिच्छेदात सरासरीची पद्धत कापून काढली आहे. नाव न घेता, पण कोणालाही कळेल. ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दात काढून झालाय, आता हिरडी कशाला टोचतेस?"

ठेवला परिच्छेद. थोडा मऊ केला. थोडाच.

१९ जून

बाईने खाली बोलावलं, एकटीला. नव्या नमुन्यात फट नाही. सावकाश मोजा, घाईने मोजा, एकच रेषा. पण शून्यावर शिखर नाही. शून्यावर खड्डा आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बुटकी शिखरं. तिने तारा तपासल्या आहेत. तापमान तपासलं आहे. मोजणी पुन्हा पुन्हा केली आहे.

माझ्या आलेखात खड्डा नाही. कुठेच नाही. सरासरीच्याही नाही.

"तुमचंही चुकलं मग," बाई म्हणाली. दुष्टपणे नाही. नुसतं, दूध संपलंय सांगावं तसं.

२० जून

सगळं पुन्हा केलं. माझी बेरीज बरोबर आहे. तरी उत्तर चूक आहे.

जागा माझ्या नावावर आहे. ती ज्या शिखरावर मिळाली ते शिखरच नाही.

२१ जून

आज सकाळी त्याच्या घरी गेले. पहिल्यांदाच. खोलीभर पेट्या, पुस्तकं निम्मी भरलेली, तो बाह्या दुमडून दोरी बांधत होता. मी नवा आलेख पेटीवर ठेवला. तो वाकून बघायला लागला. मग मी विचारलं, "तुला काय वाटतं?"

त्याने दोरी सोडली आणि तिथेच पेटीवर बसला. "तुम्ही सोडून दिलेली ती चित्रं आधी काढू या, मॅडम," तो म्हणाला.